फॉइलमधलं कार्ड

माथेरानच्या त्या हॉटेलात दीक्षा काउंटरवर बसायची आणि तिची आई येसूबाई मागे मोरीत भांडी घासायची. वीस वर्षं घासत आली होती. लेक बारावी होऊन, कॉम्प्युटर शिकून पुढच्या खुर्चीवर बसली, तेव्हा येसूबाईनं खाली नेरळपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. खुर्ची साधी प्लॅस्टिकची, पण दोघींचा जीव तिच्यात अडकलेला.

डोंगरावर रेंजचं कायमचं रडगाणं. कार्डाचं मशीन काउंटरवर चालेल तर शपथ! म्हणून दीक्षा ते हातात धरून व्हरांड्यात जायची आणि रेंज मिळेपर्यंत कठड्याच्या कडेनं फिरायची. त्या रविवारीही ती तशीच फिरत होती. मुंबईचे एक पाहुणे तिथे चहा पीत बसले होते. दीक्षा त्यांच्या पाठीमागून गेली आणि तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. खात्यातून दोन हजार आठशे पन्नास गेले होते.

"हिनं काढले!" पाहुणे ताडकन उठले. "खिशाजवळ मशीन नेलं की झालं, पिनसुद्धा लागत नाही. मी व्हिडिओ पाहिलाय."

"सर, इथे मेसेज उशिरा येतात," दीक्षा म्हणाली. "पैसे कधी गेलेत ते बघा ना."

पण बघतो कोण? आरडाओरडा ऐकून मालक प्रवीणशेट धावत आले. दीक्षानं मशीनमधून दिवसभराची यादी काढून दाखवली. त्यात तो आकडा कुठेच नव्हता.

"मग दुसरं मशीन असेल बॅगेत," पाहुणे म्हणाले.

तीन वर्षं जिच्या भरवशावर गल्ला सोडून प्रवीणशेट दुपारची झोप काढत होते, तिलाच त्यांनी चारचौघांत बॅग उपडी करायला लावली. डबा निघाला, कंगवा निघाला, रुमाल निघाला. आणि फॉइलमध्ये गुंडाळलेली एक चपटी पुडी. सोडली तर आत तिचंच पगाराचं कार्ड.

"बघा!" पाहुण्यांना जोर चढला. "चोरी कशी होते हे ठाऊक असल्याशिवाय कोणी कार्ड असं गुंडाळतं का?"

तोच व्हिडिओ दीक्षाला तिच्या भावानं, मिलिंदनं पाठवला होता. फॉइल गुंडाळलं की कार्डावरून परस्पर पैसे काढता येत नाहीत, असं त्यात सांगितलं होतं. साहेबांनी पाहिला तर ते जागरूक आणि हिनं पाहिला तर ही चोर! हे अगदी ओठांवर आलं होतं तिच्या.

तेवढ्यात पाहुण्यांची बायको खोलीतून आली. "अहो, सकाळी बाजारात सँडल घेतल्या ना मी! तुमचंच कार्ड टेकवलं की."

पाहुण्यांनी आता कुठे मेसेजमधली वेळ वाचली. "अच्छा, गैरसमज झाला," ते प्रवीणशेटांना म्हणाले, आणि जेवायला काय आहे ते विचारून आत गेले. दीक्षाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

ती टेबलावरच्या वस्तू बॅगेत भरू लागली. प्रवीणशेटांनी फॉइल उचललं.

"हे कुठलं?"

"किचनमधलं. वीतभर तुकडा होता, शेट."

"म्हणजे न विचारता हॉटेलचं सामान उचलतेस." तिची चूक नव्हती हे त्यांना पक्कं कळलं होतं, म्हणून तर आवाज चढला होता. "आणि आज सगळ्यांनी तमाशा बघितलाय. आता काउंटरवर नको. उद्यापासून मागे भांड्यांना जा, आईबरोबर."

दीक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. टेबलावरचं मशीन उचलून दरीत भिरकावून द्यावं असं वाटलं तिला. एवढ्यात मोरीच्या दारात येसूबाई दिसली, ओले हात पदराला पुसत. तिनं सगळं ऐकलं होतं. दीक्षाला एकदम धीर आला. वीस वर्षांत कधी वर तोंड करून न बोललेली आपली आई आज बोलेल, असं तिला खरंच वाटलं.

येसूबाई बोलली.

"येईल ती उद्यापासनं, शेट. कामाला चांगली हाय."