ठशाचा घेर

मनकर्णाबाईंच्या घराची मागची भिंत उरली नव्हती. मी पोहोचले तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. लोकांच्या पायांनी सगळं पुसलं जाण्याआधी मी मोजून घेतलं. हत्तीचे पूर्ण ठसे चार, एकाच जनावराचे. पुढच्या डाव्या पायाच्या ठशाचा घेर एकशे एकतीस सेंटिमीटर, तीनदा मोजला. घेराच्या दुप्पट खांद्यापर्यंतची उंची, म्हणजे पूर्ण वाढलेला नर. फुटलेली मडकी सात. धानाची पोती पाच, एकालाही धक्का नाही. मनकर्णाबाईंचं धड चुलीजवळ, भिंतीच्या मातीखाली अर्धं दबलेलं. उजवा हात खांद्यापासून निघून अकरा पावलांवर चिंचेखाली पडला होता, बांगड्यांसकट.

छत्तीसगडकडून हत्ती आले तेव्हापासून मी त्यांच्या हालचालींचा अभ्यास करते. जवळच्या वडशाची आहे, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. या टोल्यात, म्हणजे वस्तीत, बासष्ट घरं. जंगल किती दूर, पाणी कुठे, धानाचे पुंजणे, म्हणजे रचलेल्या गंजी, किती, घरात काय साठवलंय, ही माहिती मी संगणकात भरायची आणि त्यातून प्रत्येक घरासाठी एक आकडा काढायचा: आज रात्री इथे हत्ती येण्याची शक्यता किती. ज्यांचा आकडा मोठा, त्यांना वनरक्षक आदेश शाळेत झोपायला नेई. मनकर्णाबाईंचा आकडा होता शंभरात चार. त्या घरीच झोपल्या.

आदेश अंगणात शिरला तसा लटारूभाऊ, मनकर्णाबाईंचे मालक, बैलबंडीची उभारी, बाजूचा दांडा, उपसून धावले. पहिला फटका कानावर बसला. आदेश पडला, तर दुसरा पाठीत.

"तुमचा हत्ती! तुमीच पोसला, तुमीच न्या!"

चौघांनी त्यांना धरलं. आदेशच्या कानातून रक्त मानेवर आलं होतं. तो उठला आणि त्याने टोपी झटकली.

मी पोत्यांजवळच उभी होते. शेजारची बुधरी मागून आली.

"काय पाह्यते वो पोरी? धानाले हातबी नाई लावला त्यानं. सडवा पेला."

"सडवा?"

"मोहाचा. सात मडके आंबत ठेवले होते बिचारीनं."

मी मडक्याचा तुकडा नाकाशी नेला. आंबटगोड वास होता.

"पन लटारूभाऊनं तर मोह नाई म्हनून सांगितलं होतं."

"दारूबंदीचा जिल्हा, अन् तू खाकीवाल्याले बाजूले उभा करून इचारते. कोन सांगन? जेलात जावाले?"

बासष्ट घरं, बासष्ट शून्यं. चैत्रात जे गाव उजाडायच्या आत मोहाखाली फुलं वेचत वाकलेलं असतं, तिथे एकाही घरी मोह नाही, हे मी फॉर्मवर लिहून घेतलं होतं आणि पुढच्या रकान्याकडे वळले होते.

दुपारी आदेशला शाळेत बसवून मी एकटी बुधरीबरोबर घरोघर फिरले. बायका हात धरून आत न्यायच्या, तणसाच्या ढिगाखालून मडकी दाखवायच्या. एकोणचाळीस घरांत एकशे चौदा. शाळेच्या व्हरांड्यात बसून मी आकडे नव्याने भरले. मनकर्णाबाईंचं घर कालच्या रात्रीसाठी एक्क्याऐंशीवर गेलं. मग उद्याचं काढलं. बुधरीची नाल्याकाठची भाजीपाल्याची बाडी, पहाटे पाच ते साडेसहा, शंभरात सत्त्याहत्तर.

हत्ती पुन्हा येणार होता आणि दुसरं घर फोडायच्या आत त्याचं आमिष संपवायला हवं होतं. संध्याकाळी मी गावाला सांगितलं, सगळा सडवा आज ओतून टाका. कुणी हललं नाही. तेव्हा लटारूभाऊ पुढे आले. मनकर्णाबाईंना अग्नी देऊन नदीवरून नुकतेच परतले होते, केस ओले होते.

"मी नेतो सगळ्याईचे मडके. माह्याच घरून सुरुवात झाली. मी खोटं बोललो." मग माझ्याजवळ बसले. "कोन्या वाटेनं येते म्हन्ते तुही मशीन?"

"नाल्यातून. बेशरमच्या झुडपाईच्या डाव्या बाजूनं, मंग बाडीच्या पडक्या काट्याच्या कुपाटीतून."

"किती वाजता?"

मी नकाशा त्यांच्याकडे वळवला. इतके नेमके प्रश्न मला वर्षभरात कुणी विचारले नव्हते.

"पन तोच येईन ना?"

"तोच. कळप नदीपलीकडं हाये. इकडं एकटाच नर फिरते, एकशे एकतीस घेराचा."

"बस झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला वीस कमी असताना मी आणि आदेश शाळेच्या छतावर होतो. नाल्याकडून चीत्कार आला आणि मधेच तुटला. आम्ही पळालो.

बुधरीच्या बाडीत मडकी ओळीने मांडलेली होती. एकही ओतलेलं नव्हतं. त्यांच्याभोवती खुंट्यांवर उघडी तार ओढलेली, तिचं टोक शेतपंपाच्या लाइनवर आकडा टाकून अडकवलेलं. हत्ती गुडघ्यांवर होता. सोंड तारेला चिकटली होती, तिच्यातून धूर निघत होता. सगळ्या अंगाचं मांस एकाच वेळी थरथरत होतं. आदेशने वाळका बांबू घेऊन आकडा पाडला. हत्ती कुशीवर कोसळला, चार मडकी त्याच्याखाली फुटली. कान अजून हलत होता.

लटारूभाऊ कुऱ्हाड घेऊन कुपाटीमागून निघाले. पहिला घाव सोंडेच्या मुळाशी घातला. रक्त त्यांच्या छातीपर्यंत उडालं. दुसरा डोळ्यावर. आदेशने मागून कंबर धरली, तर कुऱ्हाड उलटी फिरली आणि त्याचा तळहात उभा फाटला.

"सोड त्याले, आदेश!" बुधरी ओरडली. "नाईतर तुले मारन!"

मी घाव मोजत होते. एकोणीस झाले. सतराव्यानंतर कान हलला नाही. मडक्यांतला सडवा आणि रक्त एकत्र होऊन माझ्या चपलांखाली आलं.

लटारूभाऊ बांधावर बसले. धाप लागली होती.

"झालं. मनकर्णाचं झालं." कुऱ्हाड खाली ठेवली. "तुही मशीन खरी निघाली, बाई. आता मोज. लिवून घे."

मी टेप काढली. नकाशावर खूण केलेल्या जागेपासून अंतर सहा मीटर. पुढच्या डाव्या पायाच्या ठशाचा घेर एकशे बारा सेंटिमीटर, तीनदा मोजला.