मागच्या पानांवरची प्रणिता

मित्रांनो, मी एक जुना हजेरीपट आहे. धाटावच्या कामगारांनी मला या नावाने कधी हाक मारली नाही. ते मला मस्टर म्हणायचे आणि माझ्याकडे बघून खुशाल शिव्या द्यायचे. त्यात त्यांची चूक नव्हती. माझ्यासारखे म्हातारे कागद आपली कहाणी सांगायला बसले की गळा काढतात. मी काढणार नाही. मला राग आलेला आहे आणि तो राग मनात धरूनच मी तुम्हाला सगळं सांगणार आहे.

माझा जन्म पेणच्या एका छापखान्यातला. शेजारच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवण्याचं काम चाललेलं असायचं आणि इकडे माझ्या पानांवर एकतीस रकाने छापले जात होते. लाल कापडाची पाठ, जाड पुठ्ठा, दोनशे पानं. असा मी गठ्ठ्यात बांधला जाऊन रोह्याला आलो आणि तिथून धाटावला, एका रंगाच्या कंपनीच्या फाटकाशी. कंपनीत कंत्राटी माणसं पुरवणारा धनेश नावाचा ठेकेदार होता. त्याचा टाइमकीपर विलास. हा विलास माझा मालक झाला.

विलासचं अक्षर सुंदर होतं, हे मला मान्य करावंच लागेल. आला की 'ह', नाही आला की 'गै'. सकाळच्या शिफ्टला एक मिनिट उशीर झाला तरी तो अर्धा दिवस कापायचा. बायका गयावया करायच्या, रोह्याची बस वाटेत बंद पडली म्हणून सांगायच्या. विलास मान वर करायचा नाही. "मस्टर खोटं बोलत नाय," असं तो म्हणायचा. खाडाखोड त्याला खपत नसे. चूक झालीच तर त्यावर एक आडवी रेघ, शेजारी लाल शाईने दुरुस्ती आणि खाली सही. साहेबलोक माझी पानं उलटून त्याची पाठ थोपटायचे. मलाही तेव्हा फुशारकी वाटायची, कबूल करतो.

पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात धनेश एक चिठ्ठी पाठवायचा. तिच्यावर काही नावं असायची. त्या माणसांनी कामावर यायचं, राबायचं, आणि माझ्यात मात्र त्यांच्यापुढे 'गै' पडायचं. याला ते 'ब्रेक' म्हणायचे. वर्षाचे दोनशे चाळीस दिवस कागदावर भरले तर माणूस कायम नोकरी मागेल, म्हणून ते भरूच द्यायचे नाहीत. विलास तीही अक्षरं तितक्याच सुबकपणे काढायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे.

निडीजवळच्या आदिवासीवाडीतला भिकू त्या चिठ्ठीवर दर महिन्याला असायचा. उंच, कमी बोलणारा, कामाला वाघ. एका फेब्रुवारीत, सत्तावीस तारखेला, तो सकाळी माझ्यासमोरून आत गेला. विलासने त्याला बघितलं, त्यानेही विलासला रामराम केला. माझ्यात त्याच्यापुढे 'गै' पडलं. दहाच्या सुमाराला एका टाकीचं झाकण उडालं आणि उकळता माल भिकूच्या तोंडावर आला. त्याचे दोन्ही डोळे गेले.

कंपनीने ठेकेदाराकडे बोट दाखवलं आणि ठेकेदाराने माझ्याकडे. हा माणूस त्या दिवशी कामावर नव्हताच, बघा मस्टर, तांब्याची तार चोरायला कुंपणावरून शिरला असणार, असं त्याने लिहून दिलं. वाडीतल्या माणसाला चोर म्हणायला पुरावा लागत नाही, हे धनेशला पुरतं ठाऊक होतं. माझ्या त्या पानाची झेरॉक्स पेणच्या कामगार कचेरीत गेली. पुढे कंपनीत बोट लावायचं मशीन आलं, विलासची नोकरी संपली. तो निघाला तेव्हा धनेशने मला त्याच्या हातात दिलं. "चौकशीत असल मागतील. नीट जपून ठेव," एवढंच तो म्हणाला. तर मित्रांनो, मी जपला गेलो तो असा. प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांसकट.

आता त्या बाईचं सांगतो, जिच्यामुळे हे सगळं पुढे घडलं.

घरी बसून विलासला मोबाईलची सवय लागली. एका दूरच्या देशात युद्ध सुरू होतं आणि एका मराठी वाहिनीची प्रणिता नावाची बातमीदार तिथून बातम्या द्यायची. डोक्याला शिरस्त्राण, अंगावर जाड निळं जाकीट, मागे पडकी घरं. पाठीमागे धमाका झाला तरी तिचं वाक्य अर्धवट राहत नसे. विलास तिच्यावर असा काही फिदा झाला की विचारू नका. रोह्याच्या बाजारातून त्याने जगाचा नकाशा आणला आणि दोन दिवस भलत्याच देशात तिचं गाव शोधत बसला. ऐन मे महिन्यात दहा खिशांचं जाकीट घालून तो भाजी आणायला जायला लागला. पोरं हसायची. मीही हसलो असतो, पण मला हसायला तोंड नाही.

एक दिवस त्याने मला पिशवीतून काढलं. माझी मागची साठेक पानं कोरी होती. पहिल्या ओळीत त्याने लिहिलं: प्रणिता. पुढे तारखा. तिची बातमी आली की 'ह', नाही आली की 'गै'. शेजारी गावाचं नाव, वेळ आणि एखादं वाक्य. 'पूल पडला. पुलाच्या टोकाला उभी.' 'आज आवाज बसलेला, तरी हजर.' तिच्या प्रत्येक व्हिडिओखाली तो लिहायचा, 'हजर. विलास, रोहा.' एकदा तिने उलट उत्तर दिलं, 'काका, तुमची हजेरी मी रोज बघते.' तो मोबाईल त्याने अख्ख्या आळीला दाखवला.

त्याची बायको सगुणा कावली होती. "लांबच्या बाईची हजेरी लावतास. घरातला मीठ-मसाला कधी संपला, ते तरी कुठं लिवलंस काय?"

"तुला नाय कळायचं. बाकीचे सगळे खुर्चीत बसून गप्पा हाणतात. ही बाय जिथं हाय म्हणते तिथंच असते," विलास म्हणाला. मग त्याने हेच वाक्य माझ्या पानाच्या डोक्यावर लाल शाईत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्या वेळी माझ्या अंगाची आग झाली. ज्याला दुसऱ्याच्या खरेपणाचं एवढं वेड, त्यानेच माझ्या पहिल्या पानांवर भिकूचं तसं केलं होतं. दोन्हीकडे तेच अक्षर, तेच पेन. मला त्याची किळस आली. तुम्हाला हे कडू लागेल, पण वही झाली म्हणून तिने सगळं गिळावं काय?

दर सोमवारी भिकूची बायको सोनी निडीहून गाडीने रोह्याला येई आणि विलासच्या अंगणात उभी राही. ती रडत नसे, बसतही नसे. "माजा नवरा चोर नाय. तू बगितलावस त्याला," एवढं म्हणून ती त्याच्याकडे रोखून बघे. विलास मोबाईलचा आवाज वाढवायचा. एकदा सगुणा तिला पाणी द्यायला गेली. "पाणी नको गो. त्याला ईचार, बोलतो काय," सोनी म्हणाली आणि तांब्या न घेताच निघून गेली.

मग ती बातमी आली. एका गावातल्या इस्पितळावर मारा झाला, तेव्हा प्रणिताने तो समोर बघितल्यासारखा सांगितला होता. विलासने 'ह' लावला, शेजारी तीन उद्गारचिन्हं काढली. आठवड्याने ती पुन्हा आली, या वेळी शिरस्त्राण न घालता. "त्या दिवशी मी त्या गावात नव्हते," ती म्हणाली. "मी चाळीस किलोमीटर मागे होते. सैन्याने दिलेली दृश्यं मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली. त्या गावातल्या एका आईने मला विचारलं, तू कुठे होतीस? मी तिची माफी मागते." त्याखाली लोकांनी तिला इतक्या घाण शिव्या घातल्या की विलासने मोबाईल उलटा ठेवला.

दुपारभर तो तसाच बसून राहिला. सगुणाने दिलेला चहा निवला. मग त्याने मला उघडलं, त्या 'ह'वर आडवी रेघ मारली, लाल शाईने 'गै' लिहिलं आणि खाली सही केली. भिकूचं नाव असलेली पहिली पानं त्याने उघडली नाहीत. व्हिडिओखालीही त्या दिवशी काही लिहिलं नाही.

दोनच आठवड्यांनी पेणला भिकूच्या अपघाताची चौकशी लागली. असल मस्टर घेऊन या, अशी नोटीस आली. धनेशने फोनवर त्याला पढवलं, जे लिहिलंय तेच सांग. विलास मला काखेत मारून गाडीत बसला. निडीला सोनी आणि भिकू त्याच डब्यात चढले. भिकूचा हात तिच्या खांद्यावर होता. विलासने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पेण येईपर्यंत मान वळवली नाही.

कचेरीत अधिकारी होत्या दिपिका मॅडम. त्यांनी झेरॉक्स आणि माझं पान जुळवून बघितलं. जुळलं. धनेशने मिशीवरून हात फिरवला. मॅडम सहज मागची पानं चाळत गेल्या आणि थांबल्या.

"ही प्रणिता कोण? कुठल्या शिफ्टची?"

विलास उठून उभा राहिला. "ती... बातमीदार हाय, मॅडम. लढाईवरची. मी आपली तिची हजेरी लावतो."

कचेरीतले दोन कारकून फिसकन हसले. मॅडम हसल्या नाहीत. "या तारखेला दुरुस्ती का?"

"तिनंच सांगितलं मॅडम, मी तिथं नव्हते म्हणून."

"शिव्या खाल्ल्या असतील तिने."

"लय खाल्ल्या."

तेवढ्यात सोनी पुढे आली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. "ती नव्हती, तर नव्हते म्हनली," ती विलासला म्हणाली. "माजा नवरा व्हता. तुला व्हता म्हनायला काय झालाय?"

धनेश "बाई, गप बस" म्हणून ओरडला. विलास माझ्याकडे बघत होता, पानाच्या डोक्यावरच्या त्या लाल वाक्याकडे आणि त्याखालच्या दोन रेघांकडे. "भिकू हजर होता, मॅडम," तो म्हणाला. "मी बघितला. मला रामराम करून आत गेला. मी खोटं लिवलं. दर महिन्याला लिवायचो, चिठ्ठी आली की." मग त्याने खिशातलं लाल पेन काढलं. "रेघ मारून सही करतो."

मॅडमनी मला झटकन आपल्याकडे ओढलं. "आता हा पुरावा आहे. याच्यावर कोणी एक टिंबही काढायचं नाही. तुमचा जबाब वेगळ्या कागदावर लिहून घेऊ."

विलासने पेन तसंच धरून ठेवलं. सोनीने त्याचे आभार मानले नाहीत. मला तिचं फार बरं वाटलं.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भिकूने तिला विचारलं, "बोलला काय?"

"बोलला."

"मस्टरात लिवला?"

"नाय. आता लिवता येत नाय म्हनतात."

भिकूने चाचपून तिचा खांदा धरला. "चल, गाडी जाईल," तो म्हणाला.

मित्रांनो, तेव्हापासून मी पेणच्या त्या कचेरीत लोखंडी कपाटात आहे. माझ्या पाठीवर क्रमांक चिकटवलेला आहे, कुलूप आहे, वाळवीचं औषध आहे. माझ्याइतकी काळजी भिकूची कोणी घेतली नाही. वह्या जपून ठेवा, असं सांगून माझ्यासारख्यांनी निरोप घ्यायचा असतो. मी तसं सांगणार नाही. तुमच्या हाती कधी पेन आलं आणि समोर दुसऱ्याचं नाव असलं, तर आधी मान वर करून त्या माणसाकडे बघा आणि जे दिसेल ते त्याच दिवशी लिहा. उशीर केलात तर शाई असूनही उपयोग नसतो. विलास आता खरं बोलून मोकळा झाला आहे. माझ्या सत्तावीस तारखेच्या रकान्यात भिकू मात्र अजून गैरहजर आहे, आणि मी फाटेपर्यंत तो तसाच राहणार आहे.