दोन दुर्बिणींची संयुक्त पाहणी

माझ्या संशोधनाचा विषय एक कृष्णविवर आहे. ते शेजारचा तारा हळूहळू खातं. खाताना तिथून क्ष-किरण निघतात. मधूनच त्यांचा जोर एकदम पडतो आणि थोड्या वेळानं तिथूनच रेडिओ लहरी वाढतात, असा माझा अंदाज आहे. अंदाज अशासाठी की या विवराकडे दोन्ही दुर्बिणींनी एकत्र कधी पाहिलेलंच नव्हतं. क्ष-किरणांची दुर्बीण अवकाशात, रेडिओची जमिनीवर. एकाच अर्जात दोघींचा वेळ मागता येतो. मिळाला तर दोघींचा, नाही तर कोणाचाच नाही.

अर्ज वर्षातून एकदा. फेलोशिपचं माझं शेवटचं वर्ष. यंदा वेळ मिळाला नसता तर प्रबंधात नुसता अंदाज उरला असता, आणि अंदाजावर नागपुरात कोणी कोणाला डॉक्टर करत नाही.

माझ्या गाइड लतिका मॅडमनी मसुदा सहाव्यांदा परत पाठवला. शेरा तोच : ‘एकाच वेळी का? आधी एक, मग दुसरी, असं का नको? पटत नाही.’

अर्जाची मुदत त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपत होती. सकाळी दहा वाजता मी लकडगंजातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकवून बसलो होतो. माझे वडील वामनराव एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत. ते समोर येऊन बसले.

“काय करून राहिला गा?”

“अर्ज.”

“कोणाले?”

“दोन दुर्बिणींना. एक वर आहे, एक खाली.”

“म्हणजे दोन खाते. अन् एकमेकांचं ऐकत नसतील.”

“बाबा, त्या यंत्रं आहेत.”

“तेच म्हटलं. संयुक्त पाहणी लाव.”

मी डोकं उचललं.

“मौद्याकडं एक कालवा होता,” बाबा म्हणाले. “शेवटच्या वावरात पाणी पोचेना. पाण्याचं खातं आलं सकाळी अकराले. कालवा भरून वाहून राहिला. रिपोर्ट दिला, पाणी आहे. जमिनीचं खातं आलं तीन वाजता. ठणठणीत कोरडा. रिपोर्ट दिला, पाणी नाही. दोन्ही रिपोर्ट खरे. फाईल चालली अकरा वर्षं.”

“मग?”

“मग मी दोघायले एकाच दिवशी बोलावलं. एक साहेब खालच्या अंगाले कालव्यावर, एक साहेब वरच्या अंगाले, मनोहरराव नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात. दोघांची घड्याळं माह्या समोर जुळवली. एक वाजता कालव्याचं पाणी उतरलं. एक वाजून वीस मिनिटांनी मनोहररावच्या धानात पाणी चढलं.”

“कसं काय?”

“तो रोज एक वाजता कालव्यात आडवं दार टाके.”

“दार?”

“घराचं. सागवानी, कडीकोयंड्यासकट. इथल्याच लकडगंजातल्या वखारीतून नेलेलं. संध्याकाळी काढून परत चौकटीत बसवे.”

“म्हणजे दुपारभर घराला दार नसायचं?”

“कुत्रं होतं. मुद्दा तो नाही. पाणी इकडं कमी झालं अन् तिकडं चढलं, ते एकच पाणी होय, हे दोघं एकाच घटकेले उभे असल्याबिगर सिद्ध होत नाही.”

मी पाऊण तासात ते पान नव्यानं लिहिलं. पाण्याऐवजी क्ष-किरण, वावराऐवजी रेडिओ. मनोहररावांना वगळलं, दार ठेवलं. मॅडमचा निरोप आला : ‘आता पटतं. पाठव.’

बाबांनी अर्ज वाचायला मागितला. “नाव कुठं आहे तुहं?”

“नाव लिहायचं नसतं. अर्ज कोणाचा हे परीक्षकांना कळता कामा नये. कळलं तर न वाचताच बाद.”

“निनावी अर्ज?”

“हो.”

बाबांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. एकतीस वर्षं त्यांच्या टेबलावर आलेला प्रत्येक निनावी अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं केराच्या टोपलीत टाकला होता. मी निर्धास्त मनानं आंघोळीला गेलो.

चार वाजता अर्ज पाठवला. पाच वाजता आईनं, म्हणजे प्रेमिलाबाईंनी, चहा ठेवला. बाबा बशीत चहा ओतत म्हणाले, “आता कोणी टोपलीत टाकू शकत नाही.”

मी फाईल उघडली. चौथ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत : ‘आपला विश्वासू, अपूर्व वामनराव, लकडगंज, नागपूर.’ खाली मोबाईल नंबर. त्याखाली : ‘प्रत माहितीस्तव सादर : १) वरची दुर्बीण २) खालची दुर्बीण.’

“बाबा!”

“पानं वाढू दिले नाही मी,” बाबा म्हणाले. “चारच ठेवले.”

“मेला गा पोरगा,” आई म्हणाली. “कशाले हात लावता त्याच्या कामाले?”

पाच वाजून बारा मिनिटं. पाठवलेला अर्ज मागे घेतल्याशिवाय नवा घेत नव्हते, आणि मागे घ्यायचं कारण लिहिल्याशिवाय पडद्यावरची चौकट पुढे सरकत नव्हती. मी कारण लिहिलं : ‘वडील.’ ते मान्य झालं. नाव काढलेला अर्ज पाच अठ्ठावीसला गेला. मुदत संपेपर्यंतची दोन मिनिटं बाबा घरातल्या केराच्या टोपलीकडे बघत बसले.

तीन महिन्यांनी निकाल आला. दोन्ही दुर्बिणी मंजूर, सहा तास. परीक्षकांनी लिहिलं होतं की एकाच वेळी पाहण्याची गरज इतकी स्पष्ट क्वचितच मांडली जाते. दाराची उपमा विशेष.

“लिहिलं कोणी?” बाबांनी विचारलं.

“परीक्षकांचीही नावं नसतात.”

“म्हणजे मंजुरीही निनावी.” त्यांनी कागद फाईलला लावला, पण मनावर घेतला नाही.

फेब्रुवारीत दोन्हीकडची आकडेवारी हातात आली. दोन आलेख मी एकाच कागदावर, वेळ जुळवून, एकाखाली एक छापले. बाबांनी चष्मा लावला. वरची रेघ एका जागी धाडकन पडली होती. त्यांनी तिथं बोट ठेवलं.

“इथं दार टाकलं.”

मग बोट खालच्या आलेखावर आणलं आणि उजवीकडे सरकवलं. अठरा मिनिटांवर रेघ चढायला लागली होती.

“अन् इथं वावरात पाणी,” ते म्हणाले. “मनोहररावचं वावर यापेक्षा दोन मिनिटं दूर होतं.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि मी अडवायच्या आत कागदाच्या तळाशी लिहिलं : ‘समक्ष.’ खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

तो कागद प्रबंधात पान एकशे बारावर आहे. मी सहीशिवायचा लावणार होतो. मॅडम म्हणाल्या, राहू दे, प्रबंधावर नाव चालतं.