प्रत्येक मुक्कामाचा पत्ता

गार्थ लुंडीनने आयुष्यात कधी प्रवासाचा बेत आखला नव्हता. टाकी भरायची, निघायचं, भूक लागेल तिथे खायचं आणि डोळे मिटायला लागले की समोर दिसेल ती खोली घ्यायची. डे मॉइन शहरात लोकांच्या घरचे एसी आणि हिवाळ्यात घर तापवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करण्याचं त्याचं काम, आणि तिथेही त्याचा खाक्या हाच: आधी उघडून बघू, मग ठरवू. यंत्रांच्या बाबतीत ते खपून गेलं. संसारात खपलं नाही. त्याची बायको मार्ला हॉस्पिटलच्या फार्मसीत होती. दिवसभर गोळ्या मोजून देणाऱ्या बाईला घरी आल्यावर नवऱ्याच्या तोंडून "बघू" ऐकायचं म्हणजे शिक्षाच. बारा वर्षं दोघांच्या वाटचं मीच बघितलं, आता पुरे, असं म्हणून ती वेगळी झाली, त्यालाही तीन वर्षं झाली.

घटस्फोटाच्या कागदात एक कलम होतं. मुलांना राज्याबाहेर न्यायचं असेल तर तीस दिवस आधी दुसऱ्या पालकाला लेखी बेत द्यायचा. रोजचा मुक्काम, त्याचा पत्ता, फोन नंबर. खाली दुसऱ्या पालकाची सही. मागच्या उन्हाळ्यात गार्थने एका पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं होतं: "मिनेसोटा. वर जमेल तितकं. दहा दिवस." मार्लाने पाकीट जसंच्या तसं परत पाठवलं. माझ्याच पोरांना फिरवायला मी परवानगीचे अर्ज का करू, म्हणून गार्थ फुगून बसला आणि मुदत टळून गेली. मुलांचे ते दहा दिवस त्याच्या इमारतीच्या पोहण्याच्या तलावात आणि टीव्हीसमोर गेले. सहा वर्षांची टिली दोन दिवस रडली. अकरा वर्षांचा एमेट रडला नाही, काही बोललाही नाही. पोरगा समजूतदार निघाला, असं गार्थला वाटलं होतं. माणूस स्वतःच्या सोयीचं तेवढं बघतो, ते असं.

या वर्षी मात्र त्याने कंबर कसली होती. एप्रिलपासून रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशांचं पुस्तक, फूटपट्टी आणि पेन्सिल. निघायचं एकोणतीस जूनला. कॅन्सस सिटी, सेंट लुईस, इंडियानापोलिस, शिकागो आणि नऊ जुलैला घरी. गाडी चालवण्याचा वेळ त्याने आधी स्वतःच्या हिशेबाने लिहिला, मग त्याला टिली आठवली. टिलीला दर तासाला शू लागते आणि डोंगर असो वा सपाटी, ओकारी येते. मार्ला कोणत्याही अंतरात "टिली धरून" दीड-दोन तास वाढवायची आणि तो तिची थट्टा करायचा. आता त्याने खोडरबर घेतला आणि गुपचूप प्रत्येक ओळीत टिली धरली.

प्रत्येकाने आपापलं एक ठिकाण सांगायचं, असं त्याने मुलांना सांगितलं होतं. टिलीने पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलं: शिकागोच्या संग्रहालयातला डायनासोर. गार्थचं स्वतःचं होतं सेंट लुईस. चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, मोठ्या नदीच्या काठी चादर टाकून बसायचं, वर तिथली ती उंच पोलादी कमान आणि कमानीवर आतषबाजी, दोन्ही बाजूंना दोन पोरं. एवढ्या एका चित्रावर त्याने बाकीचे दहा दिवस उभे केले होते. एमेटला विचारलं तर तो म्हणाला, "कुठेही चालेल. तू ठरव."

आठवड्याने पुन्हा विचारलं, तरी तेच.

बेत द्यायची शेवटची तारीख तीस मे, शुक्रवार. बुधवारी मुलं पाच ते आठ गार्थकडे असायची. त्या बुधवारी त्याने सगळं सुवाच्य अक्षरात नव्या कागदावर उतरवून ठेवलं होतं. आज मार्ला मुलांना न्यायला आली की तिच्या हातात द्यायचं. त्याने चीजची सँडविचं भाजली, टोमॅटोचं सूप गरम केलं आणि मुलं खात असताना कागद पुन्हा एकदा तपासायला घेतला.

एमेटने दप्तरातून एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला. "बाबा, यावर सही लागेल. बास्केटबॉलचा कॅम्प आहे. शुक्रवारपर्यंत द्यायचाय."

"कधी आहे?"

"तीस जून ते आठ जुलै."

गार्थने मान वर केली. "अरे, तेव्हा तर आपण जाणार आहोत."

"हो, माहितेय." एमेट सूप ढवळत राहिला. "पण असू दे ना भरलेला. नंतर जागा मिळत नाही. गेलोच आपण, तर करू रद्द."

गेलोच तर. बारा वर्षांच्या पोराने हे इतक्या सरळपणे म्हटलं की गार्थला रागही आला नाही. दुखलं मात्र. पोरगा भांडत नव्हता, टोमणा मारत नव्हता. पाऊस येईल म्हणून छत्री घ्यावी, तसा त्याने बापाचा अंदाज घेऊन ठेवला होता.

"इकडे बघ," गार्थ म्हणाला, आणि कागद फिरवून त्याच्यासमोर धरला. "हे पाकिटावरचं नाही. वाच. पत्ते आहेत, फोन आहेत, खोल्या सांगून ठेवल्यात. तुझी आई भिंग घेऊन बसली तरी चूक सापडायची नाही."

"छान लिहिलंयस," एमेट म्हणाला. वाचलं नाही.

"नुसतं छान काय? तीन तारखेला संध्याकाळी सेंट लुईस. चारला सकाळी कमानीच्या आतून टोकापर्यंत वर जायचं. रात्री नदीकाठी आतषबाजी."

टिलीच्या तोंडात सँडविच होतं. ते गिळायला ती थांबली नाही. "पण या वर्षी चार जुलैला आम्ही आईकडे असणार. आई आणि बेव्ह आजीकडे, तळ्यावर."

टेबलाखाली काहीतरी हललं आणि टिली कळवळली. "लाथ का मारतोस?"

"गप खा," एमेट म्हणाला.

गार्थने टिलीकडे पाहिलं, मग एमेटकडे. मग उठून ड्रॉवरमधून कोर्टाचा कागद काढला. ते पान त्याने कितीदा तरी वाचलं होतं, पण राज्याबाहेर नेण्याचं कलम तेवढंच. सुट्ट्यांचं कोष्टक त्यामागच्या पानावर होतं. चार जुलै: विषम वर्षी वडील, सम वर्षी आई. तीन तारखेच्या संध्याकाळी सहापासून पाच तारखेच्या सकाळी नऊपर्यंत. हे साल सम होतं.

तो खाली बसला. दोन महिने फूटपट्टी घेऊन मैल मोजले आणि दिवस कोणाचा, तेच पाहिलं नाही.

"तुला माहीत होतं," तो एमेटला म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा सेंट लुईस म्हणालास तेव्हापासून. आईकडे आमच्या खोलीत कॅलेंडर आहे. पिवळे दिवस तुझे, निळे आईचे."

"मग बोलला का नाहीस रे?"

एमेटने खांदे उडवले. मग म्हणाला, "तू इतकं नीट लिहीत होतास. पट्टीने रेषा मारून. म्हटलं, आई सांगेलच."

गार्थला त्या क्षणी स्वतःची अशी लाज वाटली, जशी कोर्टातही वाटली नव्हती. पोराने दोन महिने हा बेत बुडणार हे ओळखून, रोज समोर बसून, बापाचं मन मोडू नये म्हणून तोंड बंद ठेवलं होतं. याला समजूतदारपणा म्हणून आपण मागच्या वर्षी खूश झालो होतो.

पहिला विचार आला तो नेहमीचा. मार्लाला फोन करावा, एक दिवस सोड म्हणावं. ती म्हणेल, मग थँक्सगिव्हिंगची सुट्टी माझी. मग आवाज चढतील, आणि ही दोघं इथेच, चार फुटांवर, सूप पीत ऐकतील. त्याने पाहिलं, एमेटचे खांदे आत्ताच आवळलेले होते. फोन उचलला जाणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

गार्थने फोन उचलला खरा. पण सेंट लुईसच्या मोटेलला लावला. "लुंडीन नावाने खोली आहे. रद्द करा." मग इंडियानापोलिस. दोन्ही फोन मिळून पाच मिनिटांचं काम. नदी, चादर आणि कमान तेवढ्यात संपली. त्याला वाईट वाटलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"तुझं ठिकाण गेलं," टिली म्हणाली.

"गेलं खरं. पुढच्या वर्षी माझी पाळी आहे ना चार जुलैची, तेव्हा बघ–" तो थांबला. 'बघू' तोंडातून निघणारच होतं. "तेव्हा जाऊ."

त्याने नवा कागद घेतला आणि नकाशाचं पान दक्षिणेकडून उत्तरेकडे उलटलं. मुलांना तीन तारखेला सहा वाजता बेव्ह आजीच्या दारात पोचवायचं. म्हणजे आधी कॅन्सस सिटी ठेवता येईल, मग ओमाहाचं प्राणिसंग्रहालय, मग सू फॉल्सचा धबधबा, आणि तिथून सरळ पूर्वेला क्लिअर लेक, आजीचं तळ्याकाठचं गाव. पाचला सकाळी मुलांना घ्यायचं, दोन रात्री मिनियापोलिस, मग शिकागो. तो फोन करत होता, लिहीत होता, खोडत होता. टिली प्रत्येक ठिकाणी पोहण्याचा तलाव आहे का, ते विचारून घ्यायला लावत होती. एमेट ताटल्या धुवायला गेला, पण नळ बंद करून मधेमधे उभा राहत होता, हे गार्थच्या लक्षात आलं.

तीन जुलैच्या ओळीशी आल्यावर गार्थने काहीच शोधलं नाही. बेव्हचा पत्ता आणि घरचा फोन नंबर त्याच्या हाताने आपोआप लिहिला. लग्नाआधी कॉलेजच्या सुट्टीत दर रविवारी हाच नंबर फिरवायचा आणि बेव्ह उचलून म्हणायची, मार्ला नाहीये, पण मी आहे, बोल. त्या घराच्या धक्क्यावर बसून त्याने दहा वेळा तरी आतषबाजी पाहिली होती. नंबर लिहून झाल्यावर तो क्षणभर त्याच्याकडेच पाहत राहिला.

"तू कुठे झोपणार?" टिलीने विचारलं.

"मेसन सिटीत मोटेल आहे. दहा मैलांवर."

"आणि फटाके?"

"तळं मोठं आहे गं. पलीकडच्या काठावरूनही दिसतात."

"एकटाच?"

"एकटाच. त्याला काय झालं?"

एमेट हात पुसत टेबलाशी आला. या वेळी त्याने कागद आपणहून ओढून घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचला. बोट ठेवून, आईसारखा. तारखा पाहिल्या, तासांवर बोट थांबवून मनात बेरीज केली. तीन जुलै, संध्याकाळी सहा. पाच जुलै, सकाळी नऊ. तिथे बोट जरा जास्त वेळ थांबलं.

"पाचला मिनियापोलिस," तो म्हणाला. "दोन रात्री."

"हो. का रे?"

"एकच रात्र केली तर?"

"तर एक मोकळी राहील."

एमेट दप्तराकडे गेला. आतल्या कप्प्यातून लायब्ररीच्या कार्डाचं पाकीट काढलं आणि त्यातून चौघडी घातलेला एक कागद. घड्यांवर तो फाटायला आला होता. त्याने तो उलगडून गार्थपुढे ठेवला आणि स्वतः दुसरीकडे पाहत उभा राहिला.

शिसपेन्सिलने, थोडं पोरकट अक्षर. डुलुथ, मिनेसोटा. हजार फुटी जहाजं सरोवरातून बंदरात येतात तेव्हा रस्त्याचा पूल उचलला जातो. पुलाजवळच्या मोटेलचा पत्ता. फोन नंबर. जहाजांच्या वेळा सांगणारा वेगळा फोन नंबर. अंतर, मैलांत. आणि खाली तारीख: मागच्या वर्षीचा मे महिना.

मिनेसोटा, वर जमेल तितकं, एवढं ऐकून पोराने नकाशात वरच्या बाजूचं एक गाव शोधलं होतं. बापाने जे लिहायचं ते सगळं त्याने लिहून ठेवलं होतं, फक्त बापाने त्याला विचारलं नव्हतं. आणि या वर्षी विचारलं, तेव्हा बाप दक्षिणेला निघाला होता.

गार्थने पेन एमेटच्या हातात दिलं. "ही ओळ तू लिही. तुझं अक्षर चांगलंय."

आठ वाजता मार्लाची गाडी दारात आली, अजून उजेड होता. टिली धावत जाऊन मागे बसली आणि डायनासोर, धबधबा, पोहण्याचे तलाव असं एका दमात सांगू लागली. एमेट शांतपणे तिच्या शेजारी बसला. गार्थने खिडकीतून कागद दिला आणि हात खिशात घालून उभा राहिला. मार्लाने चष्मा लावला. ती प्रत्येक ओळ वाचत गेली. तीन जुलैवर थांबली. आईचा नंबर तिने पाहिला, खाली गार्थचं मेसन सिटीचं मोटेल पाहिलं. मग पाच जुलै, आणि तिथलं वेगळं अक्षर.

"डुलुथ?" तिने आरशातून मागे पाहिलं. "हे कोणाचं?"

"माझं," एमेट म्हणाला.

"कधी सुचलं?"

"मागच्या वर्षी."

मार्लाने चष्मा काढला आणि काचा पुसल्या, पुसण्यासारखं त्यांवर काही नसताना. मागच्या वर्षीचं पाकीट परत पाठवणारा हात तिचाच होता. तेव्हा ती चुकली होती असं नाही, पण आता तिला ते सोपं गेलं नसावं.

"क्लिअर लेकहून डुलुथ किती धरलंस?" तिने गार्थला विचारलं.

"सव्वाचार तास. टिली धरून सहा."

ती जरा हसली असावी. तिने पेन काढलं, पाच जुलैच्या ओळीतला नऊचा आकडा खोडला आणि तिथे सात लिहिलं.

"सातला घेऊन जा," ती म्हणाली. "आईला सांगते लवकर नाश्ता करायला. जहाज काय तुमच्यासाठी थांबणार नाही." मग तिने सही केली.

गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत गार्थ उभा राहिला. आत आल्यावर त्याने नकाशाचं पुस्तक मिटलं, पट्टी आणि पेन्सिल ड्रॉवरमध्ये ठेवली. सूपच्या वाडग्याखाली कॅम्पचा फॉर्म होता, सहीची जागा कोरी. परवा शेवटची तारीख. एमेट कधी काही विसरत नाही. दप्तर, डबा, वही, लायब्ररीचं पुस्तक, तीन वर्षं दोन घरांत ये-जा करतोय, पण एक मोजासुद्धा त्याने इकडचा तिकडे राहू दिलेला नाही. फॉर्म तेवढा तो ठेवून गेला होता.