काटाबाईंचं रक्त

प्रयोगशाळेत तिला सगळे काटाबाई म्हणत, कारण तिचा आकडा कधी चुकत नसे. दर सोमवारी पेशंट यायच्या आत ती स्वतःचं थोडं रक्त काढून साखरेच्या मशीनला लावायची. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं ते मशीन. तिचा आकडा ५.१ यायला हवा. सहा वर्षांपूर्वी मशीन तपासायची, ठरलेल्या आकड्याची कंपनीची सीलबंद बाटली यायला उशीर झाला, तेव्हा तिनं आपलंच रक्त वापरलं, काम भागलं, आणि तीच रीत पडली. आकडा जरा वर गेला की ती मशीनची सेटिंग तेवढी खाली आणायची. "म्हातारं झालंय मशीन, उगाच वर पळतं," म्हणायची, आणि सगळे माना डोलवायचे.

अलीकडे मात्र काहीतरी विचित्र चाललं होतं. तरण्याताठ्या नर्सचा आकडा ३.५ आला, धडधाकट माणसाचा इतका खाली येतच नाही. परत लावला, तरी तोच. असे आठ-दहा जण निघाले, सगळे टुणटुणीत. उलट घसा कोरडा पडलेली, सारखा चष्म्याचा नंबर बदलणारी वयस्कर माणसं ओळीनं 'नॉर्मल'चा कागद घेऊन घरी जात होती. जाताना दाराशी थांबून पाणी पीत होती. काटाबाईला त्यांच्याकडे बघवत नसे, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्या सकाळी धाकटा भाऊ आला. बस चालवायचा. तिनं दरवर्षीसारखा त्याचा मधुमेहाच्या जोखमीचा फॉर्म भरला: वय पंचेचाळीसच्या पुढे, कंबर सुटलेली, दिवसभर बसून काम, वडिलांना मधुमेह. वडिलांचा पाय त्यात आधी बधिर झाला आणि शेवटी कापावा लागला होता. फॉर्मचे गुण लाल रकान्यात गेले. रक्त म्हणालं ५.६, म्हणजे नॉर्मल.

"घाल तो फॉर्म चुलीत," भाऊ हसला. "रक्त खोटं बोलत नाही, तूच म्हणतेस ना ताई?"

"म्हणते खरं. पण तुझी एक चप्पल कुठाय?"

त्यानं खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. "अरेच्चा! कधी पडली कुणास ठाऊक."

त्याला खुर्चीवर बसवून ती आत गेली. फ्रिजच्या तळाशी कंपनीची बाटली होती, सील न तोडलेली. लेबलावर ५.५ छापलेलं. तिनं ती मशीनला लावली. मशीननं दाखवलं ३.८.

तिच्या पायाखालची वाळू सरकली. चोर सोडून संन्याशाला फाशी! सहा वर्षं मशीन खरं सांगत होतं आणि ती त्याचं तोंड दाबत होती. फॉर्मवरचं वय, वडील, बसून काम, सगळं तिलाही लागू होतं. पण स्वतःसाठी तिनं तो कधी भरला नव्हता. माप कुणी मोजतं का?

तिनं बाटलीवरून मशीन नीट केलं. भावाचं रक्त: ८.१. तिचं: ७.४. साडेसहाच्या पुढे म्हणजे मधुमेह. त्या पाणी पिणाऱ्या सगळ्यांचे चेहरे तिला आठवले.

बाहेर येऊन ती भावासमोर खाली बसली. "तिकडे भिंतीकडे बघ. टोचलं की सांग." सुई त्याच्या अनवाणी पायाच्या तळव्यात गेली. रक्ताचा थेंब आला.

"कर की सुरू," तो म्हणाला. "मला बस काढायचीय."

मग तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. तिला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नवी सुई घेतली आणि खुर्चीवरून उठला.

"बस इथं. पाय दे."

"अरे, मला काही..."

"भिंतीकडे बघ, ताई."

ती भिंतीकडे बघत राहिली. बराच वेळ गेला.

"टोच ना रे," ती म्हणाली.

"टोचलीय, ताई."