हळदीकुंकवातला यंत्रमानव
खाली रिक्षा थांबली होती, यंत्रमानव खोक्यात भरून तयार होता, आणि हर्षदाचा पत्ता नव्हता. सुरतेजवळच्या उधन्यातल्या आपल्या खोलीच्या दारात शाळामास्तरीण वंदनाबाई नुसत्या घुटमळत होत्या. आईवडलांबरोबर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात गेलेली पोर कालच परतायची होती. आज इंजिनिअरिंग कॉलेजात स्पर्धा, आणि त्या पठ्ठ्याला चालवावं तर तिनंच! तिच्या वर्गातल्या धर्मेंद्र नि पंडितनं बटण दाबलं, की तो जागच्या जागी गरगरायचा.

शाळेनं केव्हाच हात झटकले होते. हेडमास्तर म्हणाले, पोरांनी गणितात पास व्हावं, माणसं घडवायचं काम देवाचं. मग बाईंनी हा खटाटोप घरातच मांडला. टेपरेकॉर्डरची मोटार, कापडाच्या लूमवरच्या रिकाम्या बॉबिनची चाकं. पण हर्षदाची आई मंगलाबाई पोरीला धाडीना. तेव्हा बाईंनी शक्कल लढवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला खानदेशी बायका जमल्या, तिथं हर्षदाला आपली ठेवणीतली साडी नेसवली आणि यंत्रमानवाच्या हातून वाण वाटायला लावलं. बायका हरखून गेल्या. त्या दिवसापासून मंगलाबाई लेकीला रोज धाडू लागल्या. बाईंना वाटलं, जिंकलो.

जिन्यात पावलं वाजली. मंगलाबाई एकट्याच होत्या, हातात नारळ, खण आणि तांदूळ.

आखाजीच्या मुहूर्तावर हर्षदाचं लग्न लागलं, त्या सांगू लागल्या. मुलगा दोंडाईच्याचा, घरचं दुकान. त्याची आत्या त्या हळदीकुंकवाला आली होती. पोरगी मान खाली घालून कशी निगुतीनं काम करते, हे तिनं तिथंच हेरलं.

"तुमनामुये सोयरीक जुळनी, बाई. तुम्ही साडी नेसाडी म्हनीसन तिनी पोरले देखं. तुमनी वटी भरू द्या."

वंदनाबाईंना ते हळदीकुंकू आठवलं. आपल्याच हातांनी आपण तिला दाखवायला बसवलं होतं. अवघी नववी झालेली पोर!

"रडली का हो ती?"

मंगलाबाई पदरानं नारळ पुसू लागल्या. "लगीनमा सगळ्याच पोरी रडतस, बाई."

वंदनाबाईंनी पदर पुढं केला. डोळे भरून आले होते, त्यामुळे खण कुठल्या रंगाचा तेही त्यांना दिसलं नाही. मंगलाबाईंनी कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला आणि पोरीला आशीर्वाद द्या म्हणाल्या. बाईंनी दिला.

धर्मेंद्र वर आला. हर्षदा नाही तर चालवणार कोण, म्हणून विचारू लागला. बाईंनी त्याला खोक्याची एक बाजू धरायला सांगितली. दुसरी बाजू स्वतः धरली आणि ओटीचे तांदूळ सांडू नयेत म्हणून पदर दातांत धरून त्या जिना उतरू लागल्या.