रुंद चाकं

व्यंकटराव मास्तरांची लाल गाडी पूर्णेत कुठंही उभी राहिली की भोवती माणसं जमायची. दोनच सीटांची, बुटकी, उघड्या टपाची जुनी विलायती गाडी. शर्यतीसाठी घडवलेली, पण हैदराबादेत एका हवेलीच्या आवारात सडत पडलेली. मास्तरांनी ती आणली आणि सुट्ट्या घालवून घालवून नटबोल्टापासून पुन्हा उभी केली. चाकं तारांच्या आऱ्यांची, सायकलीसारखी नाजूक. रविवारी सुमंगलाबाई शेजारी बसायच्या. ताडकळसच्या रस्त्याला लागलं की वाऱ्यात पदर सांभाळत त्या गुणगुणायच्या :

लाल गं गाडीचं चाक फिरं भिंगरीवाणी
शेजारी बसते मी, हाकी कुंकवाचा धनी

यंदा मास्तरांचा उजवा खांदा आखडला. गाडी मात्र सुटली नाही. एका वळणावर ती घसरली, थेट कापसाच्या रानात उतरली. खरचटलंसुद्धा नाही कुणाला, पण बाईंनी धसका घेतला तो घेतलाच. त्यांनी पुण्याला लेकाला फोन लावला. "सारंग, ह्यांचा हट्ट सुटंना बाबा. काहीतरी कर."

सारंग आला. सर्व्हिसिंगचं सांगून गाडी नांदेडला घेऊन गेला. परतली तेव्हा तिच्या पायांत काळी, जाड, रुंद टायरांची चाकं होती. ती मावावीत म्हणून मडगार्डांच्या कडा ठोकून आत वाकवलेल्या.

"बाबा, आता घसरायचं नाव नाही! पकड बघा कसली आहे."

मास्तर गाडीभोवती फिरले. "हरणाला म्हशीचे खूर लावलास की रे," म्हणाले, पण हसत. लेकानं आपल्यासाठी एवढं केलं, याचंच त्यांना अप्रूप.

बाईंनी चाकांना हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मास्तरांनी गाडी पुढं घेतली. लिंबू चिरडलं. आता फाटकातून डावीकडं वळायचं.

स्टिअरिंग फिरेना.

जुनी चाकं एका हातानं वळायची. ही भुईला जळवेसारखी चिकटलेली. मास्तरांनी दोन्ही हात घातले, छाती टेकवली. खांद्यातून कळ गेली, तसा त्यांनी ओठ चावला. मडगार्डला टायर घासलं, खर्र.

"लय जड झालंय रे. जुनी चाकं लाव परत."

"जुनी विकली, बाबा. सरका, मी काढतो."

मास्तर हलले नाहीत. "टायर रुंद केलं की असल्या गाडीचं स्टिअरिंग जड होतं. माहीत नव्हतं तुला?"

सारंग फाटकाकडं बघत राहिला. "होतं माहीत. चालवू नका म्हटलं असतं, तर ऐकलं असतं तुम्ही? आईच म्हणाली, काहीतरी कर."

मास्तरांनी बायकोकडं पाहिलं.

"अहो, चाकांचं न्हाई बोलले मी," बाई कळवळल्या. "जीव घाबरायलाय माझा रोज, म्हणून..."

"मला म्हणायचं होतंस. आपल्या हातानं किल्ली दिली असती तुला."

ते उतरले आणि ओट्यावर जाऊन बसले. सारंगनं तरण्या हातांचा जोर लावून गाडी रस्त्यावर काढली, एक चक्कर मारायला गेला. बाईंनी वाटीत तेल कोमट करून आणलं, पाठीशी बसून त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीला हात घातला.

मास्तरांनी अंग चोरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "आता खांद्याला काय काम हाय?"